एकशे ब्याण्णव तास आणि दोन घोट पाणी

आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून काम केलेली एक मुलगी अनुभवाचं पत्र मागायला आली तेव्हा मी आधी तास मोजले. दर रविवारी ४, बुधवारी संध्याकाळी २, असे ३२ आठवडे. एकूण १९२. पत्राच्या नमुन्यात या आकड्यासाठी जागा सोडलेली असते आणि पत्र हातात घेणारा माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो. एका वृद्ध-निवासात मी सात वर्षं स्वयंसेवकांचं काम बघत होते. अशी पत्रं शंभरेक तरी लिहिली असतील. त्या आकड्यातून काही कळत नाही, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. दोनशे तास येऊन जसा आला तसाच परत गेलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तीस तासांत डोळे उघडलेलाही.

हे प्रकरण त्या मुलीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

ती आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. मालवाहतुकीच्या एका कंपनीत चार वर्षं हिशेब बघत होती. घरात कुणाचं मोठं आजारपण तिने काढलेलं नव्हतं. एकदा सहकाऱ्याचा पाय मोडला म्हणून सोबतीला तीन रात्री वॉर्डात राहिली, आणि पहाटेच्या फेरीत सिस्टर एकेका खाटेपाशी काय करतात ते बघत बसली, एवढंच. तेव्हापासून तिच्या डोक्यात नर्सिंग शिरलं होतं. प्रवेशाच्या चौकशीत तिला सांगितलं गेलं, ‘आधी कुठेतरी काम करून बघा, आवडतंय का कळेल, आणि मुलाखतीत सांगायलाही काही असेल.’ म्हणून ती आमच्याकडे आली.

अर्जात ‘का यायचं आहे’ या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, ‘मला लोकांची सेवा करायची आहे.’ दहातले आठ जण हेच लिहितात. स्वयंसेवक या शब्दातच सेवा बसलेली आहे, त्यामुळे माणसं देवळात आल्यासारखी येतात. मग पहिल्याच आठवड्यात ज्याची सेवा करायची ते काका त्यांच्यावर खेकसतात, ‘कोण तू? जा इथून,’ आणि भक्तिभाव तिथेच ओसरतो. मी तिला विचारलं, ‘सेवा म्हणजे काय करणार?’ तिने जरा विचार केला. ‘ते अजून माहीत नाही, मॅडम.’ हे उत्तर मला आवडलं.

निवासात ४२ खाटा. वरच्या मजल्यावर स्मृतिभ्रंश झालेले १४ जण, खाली बाकीचे: पक्षाघातानंतरचे, हाड मोडल्यानंतरचे, आणि नुसते थकलेले. नव्या स्वयंसेवकाची आधी ओळखपत्र, पूर्वीची माहिती, लसीकरण अशी तपासणी होते आणि मग अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. त्यात हात धुणं आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलचा द्रव असेल तर २० ते ३०. सगळे जण मान डोलावतात आणि घड्याळ लावून करायला सांगितलं की पंधराव्या सेकंदाला नळ बंद करतात. तिने पहिल्यांदा अठरा सेकंदांत आटोपलं होतं.

पहिले तीन आठवडे कुणालाही रुग्णाच्या अंगाला हात लावू द्यायचा नाही, असा माझा नियम होता. पाण्याचे जग भरायचे, पेपर वाचून दाखवायचा, जेवणाच्या वेळी शेजारी बसायचं. बसायचंच फक्त. तिसऱ्या रविवारी ती माझ्याकडे आली. ‘मॅडम, राग मानू नका, पण मला इथे काही शिकायला मिळत नाहीये.’

मी तिला दोनशे पानी वही दिली आणि रोज चार ओळी लिहायला सांगितल्या. काय दिसलं, मी काय केलं, काय कळलं नाही, कुणाला विचारलं. यापलीकडे काही नको. नाव लिहायचं नाही, खाटेचा क्रमांकही नाही, आणि वही इमारतीबाहेर न्यायची नाही.

सुरुवातीची पानं वाचण्यासारखी नव्हती. ‘आज आजींशी गप्पा मारल्या. खूप समाधान वाटलं.’ ‘आज मन भरून आलं.’ मी समासात दर वेळी एकच प्रश्न लिहायचे: आजींनी काय केलं? मी मुद्दाम त्रास देते आहे असं तिला वाटायचं. थोडंफार खरंही होतं ते.

पाचव्या आठवड्यातली नोंद मला अजून पाठ आहे. ‘काका जेवले. ताटातलं उजवीकडचं सगळं संपवलं. डावीकडचं तसंच. मी विचारलं, अजून खाणार का? म्हणाले, ताट रिकामं आहे, काय खाऊ? मी ताट अर्धं फिरवलं. त्यांनी उरलेलंही खाल्लं. कळलं नाही.’

काकांना चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला होता. असा झटका आलेल्या काही जणांना डावीकडचं जग असून नसल्यासारखं होतं. डोळे चांगले असतात, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. माणूस अर्धीच दाढी करतो, डाव्या बाहीत हात घालायचा विसरतो, चाकाची खुर्ची दर वेळी डाव्या चौकटीवर आपटतो. काकांच्या फाइलमध्ये हे नव्हतं असं नाही, होतं. पण जेवणाच्या तक्त्यावर पंधरा दिवस ‘अर्धं जेवण, भूक कमी’ असंच लिहिलं जात होतं. कारण ताटं उचलणाऱ्या मावशींना सोळा ताटं उचलायची असतात. ताटात किती उरलं हे त्या बघतात, कोणत्या बाजूला उरलं हे बघायला त्यांना फुरसत नसते.

या इमारतीत पुढची खाट जिची वाट बघत नव्हती अशी ती एकटीच होती. सिस्टरना औषधांची वेळ, मावशींना चादरी, डॉक्टरांना बाकीचे चाळीस जण. एका माणसाचं पूर्ण जेवण, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत बघायला जो बसू शकतो, तो फक्त स्वयंसेवक. नोकरीला लागल्यावर ही चैन कुणालाच मिळत नाही. म्हणून ‘मला काही करायलाच देत नाहीत’ म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी सांगत आले की आत्ताच बघून घ्या, पुढे पगार घेऊन असं बसता यायचं नाही.

सिसिली सॉन्डर्स यांची गोष्ट मी प्रशिक्षणात सांगायचे ती याचसाठी. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं आणि त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ पासून लंडनच्या सेंट ल्यूक्स या मरणासन्न रुग्णांच्या संस्थेत त्या संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. तिथे त्यांना दिसलं की वेदनाशामक औषध वेदना उठायच्या आधीच, ठरावीक तासांनी दिलं जातं. इतरत्र रुग्णाला कळवळून मागावं लागायचं, तेव्हा ते मिळायचं. पुढे एका शल्यविशारदाच्या सांगण्यावरून त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या आजच्या परिहार सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरची, सुरुवात तिथून मानतात. ऐकणाऱ्यांना शेवट आवडतो, हॉस्पिस उघडलं तो. मला मधला भाग आवडतो: दिवसाची नोकरी करून संध्याकाळी तिथे जायचं आणि औषध किती वाजता देतात ते बघायचं.

ताटाची नोंद मी ऑक्युपेशनल थेरपिस्टना, म्हणजे जेवण, कपडे अशी रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाईंना, दाखवली. त्या खूश झाल्या आणि लगेच त्या मुलीला बोलावून म्हणाल्या, ‘छान पाहिलंस. पण उद्यापासून ताट फिरवायचं नाही.’ तिचा चेहरा उतरला. बाईंनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. काकांनी जेवायच्या आधी ती पट्टी शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचं आणि मग घास घ्यायचा. ताट फिरवलं तर आजचं जेवण होतं, पण मान डावीकडे वळवायची सवय लागत नाही. काकांना पट्टी सापडायला पहिल्या दिवशी तीन मिनिटं लागली. ती शेजारी बसून होती. हात सारखा ताटाकडे जात होता, म्हणून शेवटी तो मांडीखाली दाबून बसली. (हे तिने वहीत लिहिलेलं नाही. मी दारातून पाहिलं.)

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, आणि प्रकरण इथेच थांबलं असतं तर मी ते लिहायला घेतलं नसतं.

नववा आठवडा, रविवार, दुपारचे तीन. दोन मावशी रजेवर, तिसरीचं मूल आजारी म्हणून ती आलेली नाही. वरच्या मजल्यावर एक सिस्टर आणि एक मावशी, आणि माणसं चौदा. मावशींनी जाता जाता हिला सांगितलं, ‘जरा आजींकडे बघ गं, मी आंघोळीचं उरकून येते.’ आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, स्मृतिभ्रंश बऱ्यापैकी वाढलेला. त्या दुपारभर एकच म्हणत होत्या, ‘पाणी दे गं बाई. कुणी पाणी देत नाही मला.’ खाटेशेजारी जग होता. तो तिनेच सकाळी भरला होता. तिने पेलाभर पाणी ओतलं, आजींच्या मानेखाली हात घालून त्यांना जरा उचललं आणि पेला ओठांना लावला.

आजींना साधं पाणी चालत नव्हतं. गिळण्याची क्रिया मंदावली होती. आपण घोट घेतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासाची वाट क्षणभर झाकली जाते. पाणी पातळ असल्यामुळे वेगाने घसरतं. ज्याचं झाकण उशिरा पडतं त्याच्या बाबतीत ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतं आणि तिथून फुफ्फुसात. ठसका लागला तर निदान कळतं तरी. कित्येकांना ठसकाही लागत नाही. आजींसाठी पाण्यात पावडर घालून ते घट्ट करून, पाठ सरळ बसवून, चमच्याने द्यायचं होतं. हे सगळं लिहिलेलं होतं. कुठे, तर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, कारण भिंतीवर कागद चिकटवले की रंग जातो अशी तक्रार वरून आली होती.

दुसऱ्या घोटाला आजी बारीक खोकल्या आणि ‘अजून’ म्हणाल्या. तो ‘अजून’ वेगळा होता, पाण्याखालून बोलल्यासारखा, घुळघुळीत. तिने पेला मागे घेतला, आजींना तसंच टेकवून धरलं आणि ओरडून सिस्टरना हाक मारली. सिस्टर धावत आल्या. आजींना नीट उठवून बसवलं, खोकायला लावलं, श्वास मोजले, नाडी-ऑक्सिजन बघितला, डॉक्टरांना फोन केला. मग विचारलं, ‘काय दिलंस?’

‘पाणी. दोन घोट. मी दिलं.’

पेला अजून तिच्या हातातच होता.

आजींना काही झालं नाही. दोन दिवस ताप, श्वासाचा वेग आणि आवाज यांवर लक्ष ठेवलं, सगळं ठीक राहिलं. नशीब. पण हे नशीब होतं हे त्या मुलीलाही कळत होतं. सिस्टरनी घटनेचा फॉर्म भरला, त्यावर तिचीही सही घेतली. बुधवारी ती आली नाही. पुढच्या रविवारीही नाही.

मी फोन केला. आधी उचलला नाही. संध्याकाळी तिनेच केला.

‘मॅडम, मी येत नाही आता. मला हे काम जमणार नाही. मी कुणाला तरी मारलं असतं.’

‘मारलं असतंस,’ मी म्हणाले. ‘आणि तू लगेच सांगितलंस. दोन्ही खरं आहे. तू ये, आपण बसून बोलू.’

‘खूप छान, काळजी करू नकोस’ असं मी म्हणाले असते तर ती कदाचित आलीही असती, पण त्या पाण्याबद्दल पुन्हा कधी बोलली नसती. काळजीच्या क्षेत्रात चूक गिळून टाकायची सवय एकदा लागली की जात नाही. मी अशी वीस वर्षं नोकरी केलेली माणसं ओळखते.

चूक कुणाची, हा प्रश्न निघालाच. निवासाच्या बैठकीत पहिलं वाक्य आलं ते असं: ‘स्वयंसेवकांना वरच्या मजल्यावर पाठवायलाच नको.’ हे सोपं होतं. मी आधी माझी बाजू सांगितली. स्वयंसेवकांच्या कामाच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘जेवणाच्या वेळी मदत.’ मदत म्हणजे शेजारी बसणं की भरवणं, हे त्यात नव्हतं. तो कागद मी चार वर्षं वापरत होते आणि मला ती फट दिसली नव्हती. तिने जग भरला तेव्हा आजींच्या खाटेशेजारी तो ठेवायचाच नाही, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे मी सांगितलं नव्हतं. मावशींचं म्हणणं, ‘मी फक्त बघ म्हणाले, पाणी दे नाही म्हणाले,’ हे शब्दशः खरं आणि तरी पुरेसं नाही. आणि तीन माणसांचं काम एकीवर पडलं होतं, हे बैठकीत तिसऱ्यांदा सांगावं लागलं तेव्हा कुठे लिहून घेतलं गेलं.

स्वयंसेवक हा पगारी माणसाच्या जागी वापरायचा नसतो. सगळ्या चांगल्या संस्था हे तोंडाने म्हणतात. पण रविवारी दुपारी तीन वाजता, कुणी रजेवर असताना, ते कसं पाळतात यावर संस्थेची परीक्षा होते. अनुभवासाठी जागा शोधणाऱ्यांना मी म्हणून एकच प्रश्न विचारायला सांगते: माणसं कमी असली की मी काय करायचं? उत्तर पटकन आणि स्पष्ट आलं नाही तर दुसरी जागा बघा. उत्तर ‘सगळ्यांनी मिळून सांभाळून घ्यायचं’ असं आलं तर त्या दिवशी तुम्हीच सांभाळणार आहात. केरळमध्ये, जिथे १९९३ साली कालिकतला परिहार सेवेची संस्था सुरू झाली आणि पुढे वस्तीवस्तीतल्या स्वयंसेवकांवर हे काम उभं राहिलं, तिथे स्वयंसेवकाला आधी शिकवलं जातं आणि घरभेटीला नर्सच्या जोडीने पाठवलं जातं. जोडीने, हे त्यातलं महत्त्वाचं. आमच्याकडे त्या दुपारी ती एकटी होती.

ती परत आली तेव्हा मी स्पीच थेरपिस्टना (बोलण्याबरोबर गिळण्याचा त्रासही त्याच बघतात) वीस मिनिटं मागितली होती. त्यांनी टेबलावर तीन पेले ठेवले आणि १० मिलिलीटरची एक सिरिंज घेतली, सुई नसलेली. तळाला बोट लावून सिरिंज १० पर्यंत साध्या पाण्याने भरली आणि बोट काढलं. दहा सेकंद मोजायच्या आत सगळं पाणी वाहून गेलं. मग दुसऱ्या पेल्यातलं घट्ट केलेलं पाणी. दहा सेकंदांनी बोट परत लावलं तेव्हा सिरिंजमध्ये सहा मिलिलीटर उरलं होतं. ‘चार ते आठच्या मध्ये उरलं की ही दुसरी पायरी,’ त्या म्हणाल्या. ‘एक ते चार असेल तर पहिली. आठच्या वर असेल तर तिसरी. आजींना दुसरी लागते.’ गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्न-पेयांच्या ० ते ७ अशा पायऱ्या जगभर ठरवून दिलेल्या आहेत. त्यातल्या ० ते ४ पेयांच्या, आणि ही चाचणी कुणालाही करता येते. तिसऱ्या पेल्यात मावशींनी अंदाजाने ढवळलेलं पाणी होतं. त्यातलं अडीचच उरलं. म्हणजे आजींना रोज जे ‘घट्ट पाणी’ मिळत होतं तेही पुरेसं घट्ट नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. मग त्या मुलीने विचारलं, ‘मी हे चाखून बघू?’

तिने घट्ट पाणी चमचाभर घेतलं आणि तोंड वाकडं केलं. ‘यांना म्हणून सारखी तहान लागते,’ ती म्हणाली. ‘हे कुणीच पोटभर पिणार नाही.’ बरोबर होतं. घट्ट पाणी पिणारी माणसं कमी पितात आणि त्यांच्या अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो. तेव्हापासून तिने स्वतःहून एक काम मागून घेतलं. रविवारी तिच्या चार तासांत, सिस्टरनी तयार करून दिलेलं पाणी, मावशी समोर असताना, आजींना दर अर्ध्या तासाने चार चमचे द्यायचं आणि तक्त्यावर लिहायचं. आजींची ‘पाणी दे गं बाई’ ची आळवणी थांबली नाही. फक्त त्यावर आता कुणीतरी ‘हो आजी, आणते’ म्हणत होतं आणि आणत होतं.

स्मृतिभ्रंशाच्या मजल्यावर हेही एक शिकणंच असतं. टॉम किटवुड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिलं की अशा माणसाची अवस्था नुसत्या आजाराने बिघडत नाही. त्याच्या डोक्यावरून बोलणं, त्याचं म्हणणं उडवून लावणं, तो समोर असताना नसल्यासारखं वागणं यांनीही बिघडते. आमच्या मावशी वाईट नव्हत्या. दिवसात साठ वेळा ‘पाणी दे’ ऐकलं की साठाव्या वेळी कान बंद होतात. माझेही झाले होते.

कपाटातला कागद खाटेच्या डोक्याशी आला. पांढरी पाटी, वर मोठ्या अक्षरांत ‘पाणी घट्ट करूनच. पायरी २. बसवून.’ रंगाचं काय व्हायचं ते होवो. माझ्या कामाच्या कागदावर ‘मदत’ हा शब्द खोडून दोन रकाने केले आणि खाली ओळ घातली: पाटी वाचल्याशिवाय काहीही द्यायचं नाही, पाटी नसेल तर विचारल्याशिवाय नाही.

मधले चार महिने मी थोडक्यात उरकते. ती नियमाने येत होती. एकदा तिने खालच्या मजल्यावरच्या एका बाईंच्या लेकीला आपला फोन नंबर दिला. लेक रात्री अकराला ‘आई कशी आहे’ म्हणून विचारू लागली, आणि हीही सांगू लागली. ते थांबवावं लागलं. प्रकृतीची माहिती सिस्टरकडूनच गेली पाहिजे, कितीही ओळख झाली तरी. ती चिडली, दोन दिवसांनी पटलं. काका घरी गेले, जाताना लाल पट्टीचं ताट बरोबर घेऊन गेले. तिच्याबरोबर त्याच महिन्यात सुरू केलेला एक मुलगा तिच्यापेक्षा जास्त तास भरून, प्रमाणपत्र घेऊन गेला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही. हा त्याचा दोष की माझा, ते मला नक्की सांगता येत नाही. त्याला मी वही दिली नव्हती.

मग मुलाखत. तयारीसाठी मी आणि सिस्टर तिच्यासमोर बसलो. मी विचारलं, ‘तुमच्या अनुभवाबद्दल सांगा.’

‘मी आठ महिने वृद्धांसोबत काम केलं. मला खूप शिकायला मिळालं. संयम, सहानुभूती, संघभावना...’

‘संयम म्हणजे काय केलंस?’

गप्प. वही समोर होती, ती उघडायला सांगितली. तिने ताटाचं पान वाचलं, मग स्वतःच्या शब्दांत सांगितलं, थेरपिस्टनी ताट फिरवू नको सांगितल्यावर हात मांडीखाली धरून बसले, इथपर्यंत. म्हणजे तिला ते आठवत होतं. संयम हा शब्द तिला वापरावाच लागला नाही.

पाण्याचं सांगायचं का, यावर आमचं जमलं नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘वेडी आहेस का? पहिल्याच भेटीत कशाला?’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. प्रत्येक मुलाखत घेणारा प्रामाणिकपणाला किंमत देतोच असं नाही. माझं मत होतं, विचारलं तर सांग, आणि सांगितलंस तर पूर्ण सांग. काय केलं, काय माहीत नव्हतं, कुणाला कधी सांगितलं, त्यानंतर काय बदललं. रडकथा नको, ‘या चुकीतून मी घडले’ हेही नको. आणि मावशींवर किंवा निवासावर ढकलायचं नाही, जरी त्यांचाही वाटा असला तरी.

तिने दोन ठिकाणी मुलाखत दिली. पहिल्या ठिकाणी ‘एखादा अवघड प्रसंग सांगा’ असं विचारलं. तिने सांगितलं. नकार आला, कारण कळवलं नाही. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तोच प्रश्न, आणि तिने पुन्हा तेच सांगितलं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या नकारानंतर मी स्वतः जरा डगमगले होते. तिथे तिघांपैकी सगळ्यात ज्येष्ठ बाईंनी एकच उपप्रश्न विचारला: ‘सिस्टरना सांगायला किती वेळ लागला?’

‘लगेच सांगितलं. पेला हातातच होता.’

तिथे तिचा प्रवेश झाला. यामुळेच झाला की गुणांमुळे, मला माहीत नाही. तिलाही नाही.

पत्र मी तिला दिलं ते सव्वा पानाचं होतं. ताट, पट्टी, दोन घोट, दर अर्ध्या तासाचे चार चमचे, फोन नंबरचं प्रकरणही. तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, काही काढायचं आहे का? तिने फोन नंबरचा परिच्छेद दोनदा वाचला आणि म्हणाली, ‘राहू द्या.’

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. मध्ये तिचा फोन आला. वर्गातल्या एका मुलाला सुट्टीत अनुभव हवा आहे, पाठवू का? पाठव म्हणाले, पण तीन आठवडे जग भरावे लागतील हे आधीच सांग. तो रविवारी आला. उंच, घाईत असलेला, हातात नवी कोरी वही. मी त्याला वर नेलं, खाटा दाखवल्या, जगांची ट्रॉली दाखवली. त्याने जगाला हातही लावला नाही.

‘मॅडम,’ त्याने विचारलं, ‘पाट्या कुठे असतात?’